विहिणींमधली दुभाषी

आईने दातांनी चिकटपट्टी तोडली आणि खिडकीच्या फटीवर अंगठ्याने दाबत वरपर्यंत नेली. दुकानात खोकी बांधायला वापरतात तीच ही रुंद, तपकिरी पट्टी. एक तुकडा खाली, एक वर, मग दोन्ही बाजूंना. शेवटी तळहात फिरवून वारा कुठून शिरतोय का ते तिने पाहिलं.

"झालं," ती म्हणाली. "आता मुंगीसुद्धा आत यायची नाही."

"आई, ऑगस्ट चाललाय."

"मग? ऑगस्टचा वारा काय वारा नसतो? आत्ता हाडांत शिरला की म्हातारपणी बाहेर येतो. आणि ती टोपी का काढलीस?"

सूयुनने टोपी पुन्हा कपाळावर ओढली. पायांत लोकरीचे मोजे होते. बाळंत झाल्यापासून केसांना पाणी लागलं नव्हतं आणि टोपीखाली डोकं सारखं खाजत होतं. पलंगाशेजारच्या टोपलीत मुलगी झोपली होती, दोन्ही मुठी कानांशी धरून. खोली आठव्या मजल्यावर होती. काचेपलीकडे बेलग्रेडमधल्या सावा नदीच्या काठचे उंच पोपलर वृक्ष वाऱ्याने वाकत होते, पण आत त्यांचा काहीच आवाज येत नव्हता.

बाळंतपणाआधी सूयुनला वाटायचं, सासूबाई आल्या की सगळ्या खिडक्या उघडतील. स्तामेन्का द्रीना नदीकडच्या खेड्यातली, खणखणीत आवाजाची बाई. नवरा गेल्यावर एकटीने मुलगा, वुकाशिन, वाढवलेला, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. ती पहिल्या दिवशी आली, दारातच पिशव्या ठेवल्या, आत येऊन चिकटपट्टीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"बरोबर केलंय विहीणबाईंनी. चाळीस दिवस बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. आमच्यातही हेच. माझ्या सासूने तर आरसासुद्धा झाकला होता."

सूयुनने ते आईला सांगितलं. आईने पहिल्यांदाच विहिणीकडे कौतुकाने पाहिलं.

दोघींचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर. बाकी सगळ्यावर वाद, आणि प्रत्येक वाद सूयुनच्या तोंडातून जाणारा. आई बावीस वर्षं बेलग्रेडमध्ये होती, पण दिवस चिनी बाजारातल्या गाळ्यात गेले. बूट, मोजे, छत्र्या विकण्यापुरतं बोलणं आलं, त्यापुढे गरज पडली नाही. गरज पडली की सूयुन होती. आठव्या वर्षी ती चीनमधल्या छिंगतियानहून इथे आली. शाळेतल्या बाईंना तिचं नाव म्हणता येईना, म्हणून त्यांनी त्यातल्या त्यात जवळचं म्हणून सुंचित्सा ठेवलं. सूयुनमधल्या युनचा अर्थ ढग, आणि सुंचित्सा म्हणजे छोटा सूर्य. हे बाईंना माहीत नव्हतं, आणि सूयुनला तेव्हा सांगता येत नव्हतं. नंतर येऊ लागलं तोपर्यंत सगळे सुंचा म्हणू लागले होते.

वर्षभरात ती घराची दुभाषी झाली. जकातीचा माणूस, घरमालकीण, पोलीस, दवाखाना. घरमालकीण म्हणाली की तुमच्या स्वयंपाकाच्या वासाने जिना नासला, तर सूयुन वडिलांना सांगे, बाई विचारतायत आज काय शिजवलंय. मग वडील खूश होऊन एक वाडगं भरून पाठवत, आणि घरमालकीण ओशाळून ते घेई. दहाव्या वर्षी दवाखान्यात एका डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता सांगितलं की हिच्या आईला आता पुन्हा मूल होणार नाही. सूयुनने आईला सांगितलं, डॉक्टर म्हणतात विश्रांती घ्या. टोकदार शब्द आधी आपल्या तोंडात घोळवायचा, त्याचं टोक बोथट झालं की मगच पुढे द्यायचा, ही तिची सवय तेव्हापासूनची.

नावाचंही तेच झालं.

पहिलं नाव आलं ते फोनवरून. वडील, वू हाइशेंग, गाळ्यातून बोलत होते. मागे कुणीतरी बुटांची जोडी मागत होतं.

"रुओनान," ते म्हणाले. "गावच्या गुरुजींनी जन्मवेळ बघून काढलंय. माझ्या मनात होतं तेच निघालं. ठरलं आता. जावयाला सांग, नीट लिही म्हणावं."

त्याच संध्याकाळी स्तामेन्काने टोपलीवर वाकून मुलीच्या मनगटाला लाल दोरा बांधला आणि म्हणाली, "रादमिला. आजोबांचं नाव रादमिलो, नातीचं रादमिला. लाडाने रादा. वुकाशिनचे बाबा जिथे असतील तिथून बघतील."

"काय म्हणते?" आईने विचारलं.

सूयुनने सांगितलं. आईने हातातलं वाडगं ठेवलं.

"मेलेल्या माणसाचं नाव? पोरीला हाक मारली की दर वेळी थडग्यातला म्हातारा ओ देणार? वडीलधाऱ्यांचं नाव असं तोंडात घेतात का कधी? विचार तिला, शहाणी की खुळी?"

"काय म्हणतात विहीणबाई?" स्तामेन्काने विचारलं.

"आई म्हणते, सासऱ्यांचा मान फार मोठा आहे."

"आहेच. आणि तुमच्याकडून काय आलंय?"

"रुओनान."

"रुओ… काय? घशात माशाचा काटा अडकल्यासारखं वाटतं गं. शाळेत कार्टी हाल करतील तिचे."

"काय म्हणते?"

"म्हणतात, तोंडात बसायला जरा वेळ लागेल."

असं दोन-तीनदा झालं. मग एके दुपारी, दोघींचे आवाज चढले आणि मुलगी दचकून रडायला लागली तेव्हा, सूयुनने सुटकेसाठी एकच वाक्य दोन्हीकडे फिरवलं. आईला म्हणाली, रादा हे त्यांच्याकडचं लाडाचं नाव आहे, चाळीस दिवसांपुरतं. सासूला म्हणाली, रुओनान हे आमच्याकडचं लाडाचं नाव आहे, चाळीस दिवसांपुरतं. दोघी शांत झाल्या. दुसऱ्या दिवसापासून दोघी मोठ्या मनाने एकमेकींना सवलत देऊ लागल्या. आई वाडगं घेऊन येताना "रादा, रादा" म्हणे, आणि स्तामेन्का लंगोट बदलताना मान वाकडी करून "रुओनान" म्हणण्याचा सराव करी. जिंकलेलं माणूस हरलेल्याशी जितकं गोड वागतं, तितक्या गोड दोघी वागत होत्या.

सूयुन पलंगावर बसून ते ऐके. नाव महिन्याच्या आत नोंदवायचं होतं. नाही तर ते सरकारातलं कुणीतरी ठरवणार. महिना संपत आला होता. वुकाशिनला तिने सगळं सांगून पाहिलं होतं. तो पलंगाच्या कडेवर बसून तिचे पाय दाबत म्हणाला होता, "सुंचा, मला दोन्ही चालतात. तू म्हणशील ते. फक्त आईला दुखवू नकोस. आणि तुझ्या बाबांनाही." मग तिचा पाय हलकेच खाली ठेवून तो कामाला गेला होता. दिवसभर बंद खोलीत तांदळाच्या दारूत शिजलेल्या कोंबडीचा वास भरून राही. तिला वाटे, आपण या खोलीत नाही, एका वाक्यात अडकलोय, आणि ते वाक्य आपणच बोललोय.

त्या सकाळी वुकाशिन लवकर बाहेर पडला. दोघी विहिणी स्वयंपाकघरात एकाच टेबलावर समोरासमोर बसल्या होत्या. स्तामेन्का ढोबळ्या मिरच्यांत खिमा-भात भरत होती, आई आल्याच्या चकत्या करत होती. सूयुनला दारापर्यंत यायची परवानगी होती. गार फरशी आणि नळ यांच्यापासून दूर, स्टुलावर. टेबलावर आईचा फोन होता. तो वाजला आणि उचलताच हाइशेंगचा आवाज खोलीभर झाला.

"झाओदी! ए झाओदी! मागच्या कपाटाची किल्ली कुठे टाकलीस?"

आईने सांगितलं. फोन पलीकडून कट झाला.

"नेहमी असाच ओरडतो का हा माणूस?" स्तामेन्का म्हणाली. "आणि झाओदी म्हणजे काय गं? नाव की शिवी?"

"नाव. आईचं."

"हो का? इतके दिवस मी नुसतं विहीणबाईच म्हणतेय. अर्थ काय?"

हा प्रश्न सूयुनला आयुष्यात पुष्कळांनी विचारला होता. शाळेतल्या बाईंनी, बँकेतल्या मुलीने. ती दर वेळी सांगे, एका फुलाचं नाव आहे. आजही ते फूल जिभेपर्यंत आलं. पण टोपीखालून घामाची धार कानामागे उतरत होती, रात्रभर मुलगी अंगावर होती, आणि ते नेहमीचं मऊ वाक्य जुळवायला लागणारी शक्ती तिला सापडेना.

"'भावाला बोलाव,'" ती म्हणाली.

"कुणाच्या भावाला?"

"तिच्याच. ती तिसरी मुलगी. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणतात."

स्तामेन्काने हातातली मिरची ठेवली. "झाला?"

"दोन झाले. माझे मामा."

"काय चाललंय?" आईने विचारलं. आपलं नाव तिने ऐकलं होतं.

"तुझ्या नावाचा अर्थ विचारला. मी सांगितला."

आईची सुरी क्षणभर थबकली. मग पुन्हा चालू झाली, जरा सावकाश.

"माझं नाव तुला काय वाटतं?" स्तामेन्का सुनेला म्हणाली. "खेड्यातलं जुनं नाव, एवढंच ना? स्तामेन्का म्हणजे थांब. बास. मी चौथी. माझ्या बापाने पाद्र्याला सांगितलं, असं काहीतरी ठेवा की पोरी यायच्या थांबतील. सांग विहीणबाईंना."

सूयुनने सांगितलं. शब्दाला शब्द सांगितला.

आईने वर पाहिलं. "थांबल्या?"

"विचारते, थांबल्या का."

"कसल्या थांबतात! पाचवी आली. मग बापाने देवाशी बोलणं टाकलं."

सूयुनकडून हे ऐकल्यावर आई हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, आवाज न करता. स्तामेन्काला तेवढं पुरलं. ती मोठ्याने हसू लागली, टेबल हललं, आणि दोन मिरच्या घरंगळत जमिनीवर गेल्या. सूयुन उचलायला वाकली तशी दोघी एकदमच, आपापल्या भाषेत, तिच्यावर ओरडल्या, "वाकू नको!"

हसणं ओसरल्यावर स्तामेन्काने डोळे पुसले. मग तिने आतल्या खोलीकडे हनुवटी केली.

"आणि पोरीचं? ते लाडाचं. रुओनान. त्याचा अर्थ मी विचारलाच नाही."

आईला शब्द कळले नव्हते, पण मधलं नाव कळलं होतं आणि सूरही कळला होता.

"सांग तिला," आई म्हणाली. "खरं सांग. त्या बाईला नाव आवडलेलं नाही हे मला कळत नाही होय? ती तोंड वाकडं करते आणि तू मला सांगतेस, बसायला वेळ लागेल. तू लहानपणापासून अशीच. तो डॉक्टर काय म्हणाला तेही मला त्याच्या तोंडावरूनच कळलं होतं. तुझं भाषांतर ऐकायच्या आधी."

सूयुनने आईकडे पाहिलं. आई आल्याच्या चकत्या एकावर एक रचत होती.

"'मुलासारखी,'" सूयुन सासूला म्हणाली. "रुओनानचा अर्थ, मुलासारखी. आणि ते लाडाचं नाही. तेच ठेवायचं बाबांनी ठरवलंय. मी खोटं सांगितलं. तुम्हालाही आणि हिलाही."

आधीच भरलेल्या मिरचीत स्तामेन्का अंगठ्याने आणखी सारण दाबत राहिली. शेवटी मिरची उभी चिरली.

"आम्ही तरी काय केलं," ती म्हणाली. "नातू झाला असता तर रादमिलोच ठेवणार होतो. नात झाली, तर शेवटच्या 'ओ'चा 'आ' केला." चिरलेली मिरची तिने बाजूला ठेवली. "विहीणबाईंना सांग, माझा आग्रह नाही."

सूयुनने सांगितलं.

"माझा कधीच नव्हता," आई म्हणाली. "पण मला विचारलं कुणी?"

सूयुनने तेही सांगितलं. स्तामेन्काने टेबलावरून हात पुढे केला आणि तेलकट बोटांनीच आईच्या मनगटावर थापटलं.

सूयुनला वाटलं, आता निदान श्वास घेता येईल. पण स्तामेन्का लगेच ताठ बसली. "मग येलिसावेता कसं? माझ्या आत्याचं नाव. ती ब्याण्णव वर्षं जगली." आईने तोंडात फिरवून पाहिलं, ते तिला जमलं नाही. आई म्हणाली, आमच्याकडे चंद्रावरून चांगली नावं असतात. स्तामेन्का म्हणाली, चंद्र नको, चंद्र झिजत जातो. आई म्हणाली, मग जेड रत्न. स्तामेन्का म्हणाली, दगड? दोघी पुढे वाकून बोलत होत्या, उत्साहाने, आता भांडण नव्हतं; आणि स्टुलावर बसलेल्या सूयुनकडे एक डावीकडून आणि एक उजवीकडून वाक्यं फेकत होत्या, आणि सूयुन ती पलीकडे पोचवत होती.

तेवढ्यात दार उघडलं. वुकाशिन आत आला. एका हातात केकचा खोका, दुसऱ्या हातात फुलं, शर्ट पाठीला चिकटलेला.

"झालं एकदाचं!" तो दारातूनच म्हणाला. "नोंदवून आलो. सुंचाने दवाखान्यातच सही करून दिली होती, जे ठरेल ते लिही म्हणून. दोन्ही नावं लिहिली. रादमिला रुओनान. कुणाचं मन मोडायला नको. नाही का?"

त्याने खोका टेबलावर, मिरच्यांच्या शेजारी ठेवला. तो खरोखर आनंदात होता. सकाळपासून रांगेत उभा राहिलेला, सगळ्यांचा विचार केलेला माणूस.

"काय म्हणतोय जावई?" आईने विचारलं.

सूयुनने एकही शब्द गाळला नाही. कुणाचं मन मोडायला नको, हेसुद्धा.

आईने फडक्याला हात पुसले. उभी राहिली, टेबलाला वळसा घालून जावयासमोर आली. एरवी त्याच्याशी ती मुलीमार्फतच बोलायची. आज तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि सर्बियनमध्ये, गाळ्यातल्या आवाजात म्हणाली, "हे नको. बदलून आण."

वुकाशिन हसला. मग कुणीच हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"सासूबाई, नोंद झाली ती. बूट आहेत का ते?"

"नोंद माणसंच करतात," स्तामेन्का म्हणाली. "तुझ्या बापाचं आडनाव दोनदा चुकवलं होतं, दोनदा जाऊन बदललं मी. पावसात. जा, अजून उघडं असेल."

"अगं, पण तुलाच हवं होतं ना रादमिला?"

"हवं होतं. आता नकोय. बूट काढू नकोस."

वुकाशिनने फुलं खुर्चीवर ठेवली. त्याने आपल्या आईकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि मग बायकोकडे.

"बरं. बदलतो. त्या जागी काय लिहू?"

तिघं तिच्याकडे बघत होती. स्तामेन्का आत्याचं नाव पुन्हा म्हणाली नाही. आईने चंद्राचा विषय काढला नाही. सूयुन स्टुलावर तशीच बसून राहिली, तोंड किंचित उघडं, मान थोडी पुढे. कुणीतरी आधी बोलेल आणि मग आपण ते पलीकडे पोचवू, अशी ती वाट पाहत होती. नळातून एक थेंब पडला. आणखी थोडा वेळ गेला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, या वेळी पलीकडे पोचवायला काही येणार नाही.

आत मुलगी कुरकुरू लागली.

सूयुन उठली. डोक्यावरची टोपी काढून तिने खुर्चीवरच्या फुलांशेजारी ठेवली. आईने ते पाहिलं, ओठ हलवले आणि टोपी तिथेच राहू दिली.

"थांब जरा," सूयुन वुकाशिनला म्हणाली. "मी तिच्याशी अजून बोललेच नाहीये."

ती खोलीत गेली आणि तिने दार लावलं. मग आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. त्या कडीला इतक्या दिवसांत कुणी हात लावला नव्हता.

बाहेर तिघं उभी होती. थोड्या वेळाने कुरकुर थांबली. मग दारापलीकडे सूयुनचा आवाज सुरू झाला, खालच्या पट्टीत, न थांबता, मध्येच हसल्यासारखा. स्तामेन्का पावलं न वाजवता दाराशी गेली आणि लाकडाला कान लावला. आईही तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"कुठल्या भाषेत बोलतेय?" स्तामेन्काने हळूच विचारलं.

आईला प्रश्न कळला नाही. तिने ओठांवर बोट ठेवलं.